स्नोडेननंतरची बारा वर्षं : युरोपीय सॉफ्टवेअरचा मागोवा

पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आजी-आजोबांनी परदेशातल्या नातवंडांची पहिली पावलं स्काइपवर पाहिली. ते स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झालं. मायक्रोसॉफ्टने ते गुंडाळलं एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. तो मुळात युरोपचा माल होता, हे फारसं कुणाला आठवलं नाही. एक स्वीडिश आणि एक डॅनिश उद्योजक, प्रोग्राम लिहिणारी मंडळी एस्टोनियातली, साल २००३. दोनच वर्षांत ईबेने ते विकत घेतलं आणि २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी साडेआठ अब्ज डॉलर मोजले. वंडरलिस्ट हे कामांची यादी ठेवणारं बर्लिनचं सुटसुटीत ॲपही त्याच वाटेने गेलं. २०१५मध्ये विक्री, मे २०२०मध्ये टाळं.

आपला मेल, फाइली, कॅलेंडर अमेरिकी कंपन्यांकडून उचलून युरोपीय सॉफ्टवेअरवर न्यायचं, हे वारं जोरात वाहू लागलं ते जून २०१३पासून. एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या, अमेरिकेच्या ‘प्रिझम’ या पाळत-कार्यक्रमाच्या कागदांत गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, फेसबुक यांच्यासोबत स्काइपचंही नाव होतं. त्याच वर्षी मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुकविरुद्ध आयर्लंडमध्ये तक्रार केली. तिच्यातून युरोपीय संघाच्या न्यायालयाने अमेरिकेशी झालेला माहिती-हस्तांतराचा करार २०१५मध्ये रद्द केला, आणि त्याच्या जागी आलेला दुसरा २०२०मध्ये. मधल्या काळात, २५ मे २०१८ला, जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. त्याचा गाजावाजा फार झाला. त्याच्या दोन महिने आधी अमेरिकेने केलेल्या ‘क्लाउड ॲक्ट’चा मात्र तितका झाला नाही. माहिती फ्रँकफर्टमध्ये असो की मुंबईत, ती अमेरिकी कंपनीच्या ताब्यात असेल तर रीतसर आदेशानंतर ती द्यावी लागेल, असं तो कायदा सांगतो. ‘आमचे सर्व्हर युरोपात आहेत’ ही जाहिरात तेव्हापासून अर्धीच खरी उरली.

या काळातलं सगळ्यात बोलकं प्रकरण प्रोटॉन या मेल-सेवेचं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी २०१४मध्ये ते सुरू केलं. लोकवर्गणीतून साधारण साडेपाच लाख डॉलर जमले. पत्राचा मजकूर वापरणाऱ्याच्याच यंत्रावर कुलूपबंद होतो, चावी कंपनीकडे नसते, ही त्याची मांडणी. सप्टेंबर २०२१मध्ये कळलं की फ्रान्समधल्या हवामान-चळवळीतल्या एका कार्यकर्त्याचा आयपी पत्ता प्रोटॉनने स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून नोंदवून दिला होता. मोठा गहजब झाला. माझ्या मते त्याने वापरणाऱ्यांचं भलंच केलं. मजकूर गुप्त राहणं वेगळं आणि लिहिणारा निनावी राहणं वेगळं, हे त्या दिवसापर्यंत किती जणांना नीट माहीत होतं? प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय आजही तशा कुलपात जात नाही. हॅनोव्हरचं टुटा (२०२३पर्यंतचं टुटानोटा) विषयही कुलपात ठेवतं, पण त्या बदल्यात आयमॅप देत नाही, म्हणजे थंडरबर्डसारख्या मेल-प्रोग्राममध्ये मेल उघडायची सोय गेली. बर्लिनचे पोस्टेओ आणि मेलबॉक्स डॉट ऑर्ग आयमॅप देतात. तिथे एन्क्रिप्शनची जुळवाजुळव बरीचशी आपणच करायची. सगळं एका ठिकाणी मिळत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक हिशेब करावा लागतो. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्यात, हा ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा निर्देश एप्रिल २०२२मध्ये आला आणि त्याच सप्टेंबरमध्ये प्रोटॉनने आपल्या व्हीपीएनचे भारतातले सर्व्हर काढून घेतले. एप्रिल २०२५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेलवर बंदीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश केंद्राला दिला. त्याची अंमलबजावणी कशीही होवो, बँक, आधार आणि प्राप्तिकराला जोडलेला पत्ता तिकडे हलवताना मी तरी दोनदा विचार करीन.

ब्राउझर आणि शोधयंत्रांची गोष्ट लवकर संपते. नॉर्वेचं विव्हाल्डी चांगलं आहे, पण आत इंजिन गूगलच्या क्रोमियमचं. फ्रान्सचं क्वांट आणि बर्लिनचं इकोसिया वर्षानुवर्षं बिंगच्या उसन्या निकालांवर चाललं. स्वतःची अनुक्रमणिका उभारायला दोघे एकत्र आले ते नोव्हेंबर २०२४मध्ये.

फाइलींच्या बाबतीत मात्र खरी कमाई झाली. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१६मध्ये स्वतःच उभी केलेली ओनक्लाउड ही फाइली साठवायच्या सॉफ्टवेअरची कंपनी सोडली आणि काही आठवड्यांत त्याच धर्तीचं नेक्स्टक्लाउड सुरू केलं. कोड मुक्त होता, म्हणून तो सोबत नेता आला. पुढे २०२३मध्ये ओनक्लाउड काइटवर्क्स या अमेरिकी कंपनीने घेतलं. नेक्स्टक्लाउडवाल्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरचा इतिहास असाच. जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या एका शाळकरी पोराने १९८५मध्ये काढलेल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर आधी सनकडे, मग ओरॅकलकडे गेलं. तेव्हा स्वयंसेवकांनी २०१०मध्ये वेगळी चूल मांडली. म्युनिक महापालिकेने मुक्त सॉफ्टवेअरवर नेलेली सुमारे पंधरा हजार यंत्रं २०१७मध्ये पुन्हा विंडोजकडे वळवायचं ठरवलं, तरी लिब्रेऑफिस थांबलं नाही. २०२४मध्ये श्लेसविग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने आपल्या तीस हजार कर्मचाऱ्यांसाठी तेच निवडलं. स्काइप आणि वंडरलिस्टही युरोपचेच होते. फरक परवान्याचा आहे. पासपोर्ट कंपनीसोबत विकला जातो, मुक्त परवाना विकता येत नाही. युरोपीय पर्यायांच्या याद्या बनवणारे हा रकाना बहुधा शेवटी ठेवतात. मी तो पहिला ठेवीन.

बदल करायचाच असेल तर मेलपासून सुरुवात करू नका. आधी लिब्रेऑफिस उतरवा. त्यात मराठी मेनूही मिळतात. मग कॅलेंडर आणि संपर्क नेक्स्टक्लाउड देणाऱ्या एखाद्या सेवेवर न्या आणि ते सगळे तिथून परत बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहा. मेल शेवटी, आणि तोही स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन. म्हणजे उद्या जिनिव्हा सोडून बर्लिनला जायचं झालं तर पत्ता बदलावा लागणार नाही.