विश्लेषण : लाखोळी डाळीतील ‘ओडॅप’ किती घातक?

भंडारा, गोंदिया परिसरात भात निघण्याआधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकली जाते. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही, तरीही पीक हाती येते. मात्र, याच डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये अन्नभेसळ नियमांनुसार बंदी आली. तिच्यातील ‘ओडॅप’ हा घटक त्यास कारणीभूत मानला जातो.

ओडॅप म्हणजे काय?

हा अमिनो आम्लापासून बनणारा पदार्थ आहे; पण तो प्रथिनांचा भाग नसतो. वनस्पतीत तो सुटा असतो. १९६४ मध्ये एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सरमा या भारतीय शास्त्रज्ञांनी तो लाखोळीच्या बियांतून वेगळा केला. जिनसेंगच्या मुळांतही तो आढळतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

ओडॅपची रचना ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाशी मिळतीजुळती असते. त्यामुळे चेतापेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होतात आणि मरतात. परिणामी पाय ताठरतात, गुडघे वाकतात, चालण्यासाठी काठी लागते. या ‘लॅथिरिझम’मुळे सहसा जीव जात नाही, पण आलेले पंगुत्व बरेही होत नाही.

सगळ्यांनाच धोका असतो का?

नाही. इतर धान्य, भाज्यांसोबत अधूनमधून डाळ खाल्ल्याने हा आजार होत नाही. दुष्काळात दुसरे काही पिकत नाही आणि महिनोन्‌महिने लाखोळीच मुख्य अन्न बनते, तेव्हा तो बळावतो. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई. तेथे अनेक जण पंगू झाले. म्हणजे विषाइतकाच दोष गरिबीचाही होता.

यावर उपाय काय?

ओडॅप पाण्यात विरघळतो. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास त्याचे प्रमाण बरेच घटते. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ या सुधारित वाणांत ते पारंपरिक वाणांपेक्षा पुष्कळ कमी आहे.

मग बंदी का टिकली?

२०११ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांतही ती कायम राहिली. कमी ओडॅपचा दाणा नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, तूरडाळ व बेसनातील भेसळीची भीती असते, हे बंदी समर्थकांचे मुद्दे. तर कोरडवाहू शेतकऱ्याचे हमखास येणारे, प्रथिनयुक्त पीक बाजारापासून तोडले गेले, हा विरोधकांचा आक्षेप. तपासणीची सोय खरेदी केंद्रापर्यंत पोहोचल्याशिवाय या दोन्ही बाजूंचे समाधान होणे कठीण आहे.