विश्लेषण : सह्याद्रीच्या जंगलात गाडी थांबवून तंबू ठोकता येतो का?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत डिकीत तंबू टाकून घाटमाथ्यावर निघणाऱ्या जोडप्यांची संख्या वाढते आहे. पण मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मुक्कामासाठी मोकळी नसते. कायदा काय सांगतो, मुक्काम कुठे करता येतो आणि रात्र सुरक्षित कशी काढायची?

रात्रीचे साडेदहा. जलाशयाच्या काठी, रस्त्यापासून थोडे आत एक गाडी उभी. शेजारी दोन माणसांचा तंबू, दगडांच्या चुलीत विझत आलेले निखारे. इतक्यात टॉर्चचा उजेड तंबूवर पडतो. ‘इथे थांबता येणार नाही साहेब, अभयारण्याची हद्द आहे. सामान आवरा.’ वनरक्षकाचा आवाज चढलेला नसतो, पण निर्णय पक्का असतो. नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात. मोबाइलला रेंज नाही, पुढे २५ किलोमीटर घाट, आणि धुके उतरू लागलेले.

हा प्रसंग कुणा एका जोडप्याचा नाही. समाजमाध्यमावरचा एखादा व्हिडीओ पाहून, नकाशावर हिरवा ठिपका शोधून निघालेल्या कुणावरही तो येऊ शकतो. त्यातून होणारा मनस्ताप टाळणे मात्र अवघड नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : ही जागा कुणाची?

शरदच का?

परदेशी चित्रांत शरद म्हणजे लाल-पिवळी झालेली पाने. सह्याद्रीत तसे होत नाही. इथली पानगळ साधारण शिशिरात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपासून सुरू होते. ऑक्टोबरमध्ये जंगल अजून गच्च हिरवे असते आणि रंग असतो तो फुलांचा. सोनकीने पिवळे झालेले उतार, तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि ज्या भागात सात वर्षांचे चक्र पूर्ण झाले असेल तिथे जांभळी कारवी.

मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रातून परततो. हवा स्वच्छ होते, दूरचे डोंगर स्पष्ट दिसतात, जलाशय भरलेले असतात. दिवसा ‘ऑक्टोबर हीट’चा चटका असला तरी घाटमाथ्यावर रात्री गारवा असतो आणि पहाटे दव पडते. कोजागरीच्या सुमारास तर चांदण्यात बॅटरी लावावीशीही वाटत नाही. त्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावहून निघणाऱ्यांची गर्दी याच काळात होते.

मोकळी दिसणारी जागा कुणाची असते?

घाटमाथ्यावरून जाताना रस्त्याकडेला दिसणारी जमीन साधारण चार प्रकारांत मोडते. पहिली वन विभागाची, म्हणजे राखीव किंवा संरक्षित वन, अभयारण्य अथवा राष्ट्रीय उद्यान. दुसरी जलसंपदा विभागाची, म्हणजे धरणाचा परिसर आणि जलाशयाकाठची संपादित जमीन. तिसरी गावाच्या उपयोगाची : गायरान, देवराई, स्मशानाची जागा. आणि चौथी खासगी मालकीची.

यातली कोणतीच ‘कुणाचीच नाही’ अशी नसते. कुंपण नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. घाटातल्या अनेक खासगी जमिनींना कुंपण नसतेच. फलकही दर वळणावर लावलेला नसतो. मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, पण वनहद्द दाखवेलच असे नाही.

कायदा काय सांगतो?

राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. त्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि मनाई असताना विस्तव पेटवणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे.

अभयारण्यांसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अधिक कडक आहे. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. सार्वजनिक महामार्गावरून अभयारण्य ओलांडून जाणाऱ्याला त्यातून सूट आहे. इथेच अनेकांची गफलत होते. ही सूट जाण्यासाठी आहे, रस्ता सोडून आत उतरून मुक्काम करण्यासाठी नाही. पर्यटनासाठी आत जायचे तर कलम २८ नुसार परवाना लागतो. कलम ३० प्रमाणे आग लावणे, विस्तव पेटवणे किंवा जळता सोडणे याला मनाई आहे. वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांनाही कायद्यात बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही याच तरतुदी लागू होतात.

म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगातल्या जोडप्याच्या हातून एकाच रात्री दोन चुका झाल्या होत्या : विनापरवाना मुक्काम आणि चूल.

कास ते आंबोली : कुठे काय चालते?

समजा, पुण्याहून निघालेल्या जोडप्याने पाच दिवसांचा मार्ग ठरवला : सातारा, कास, बामणोली, तिथून परत फिरून कोयनानगर, मग राधानगरी-दाजीपूर आणि शेवटी आंबोली. मार्ग देखणा आहे. पण पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांतली महाराष्ट्रातली चारही स्थळे, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, याच पट्ट्यात येतात. म्हणून इथे नियमही अधिक आहेत.

कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर. फुलांच्या हंगामात प्रवेशासाठी नोंदणी आणि शुल्क असते, रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटीमीटरचा. त्याच थरात पुढच्या वर्षीचे बी आणि कंद असतात. तंबूची खुंटी, गाडीचे चाक किंवा शेकोटी यांनी तो थर उखडला, की तिथे पुन्हा फुले यायला बराच काळ जातो. त्यामुळे कोणत्याही सड्यावर तंबू नको, मग तो प्रसिद्ध असो वा नसो.

बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाता येते. पण हा किल्ला कोयना अभयारण्यात आहे. वन विभागाची परवानगी घेऊन जायचे आणि त्याच दिवशी परतायचे. गडावर मुक्कामाला मनाई आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात बंद असलेले पर्यटन कधी सुरू होणार, याच्या तारखा वन विभाग जाहीर करतो. त्या पाहिल्याशिवाय बेत आखू नये.

दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध. राधानगरी हे राज्यातले पहिले अभयारण्य, १९५८ पासूनचे. आंबोली परिसरही जैवविविधतेसाठी नाजूक आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या प्रजातीमुळे २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. इथल्या झऱ्यात साबणाने भांडी घासणे ही किरकोळ गोष्ट नाही.

मग मुक्काम कुठे करायचा?

या सगळ्याचा अर्थ तंबू घरीच ठेवावा असा नाही. अभयारण्याच्या परिघातल्या गावांत घरगुती निवास, कृषी पर्यटन केंद्रे आणि तंबूंसाठी जागा देणारे शेतकरी आहेत. पर्यटन महामंडळाची आणि वन विभागाची निवासस्थाने काही ठिकाणी आहेत. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. अनेक घरमालक माफक पैसे घेऊन अंगणात किंवा पडवीत जागा देतात. शौचालय, पाणी आणि सकाळचा चहाही मिळतो.

जागा ठरवताना चार गोष्टी विचाराव्यात. जमीन मालकीची आहे की वनहद्दीत? शौचालय आहे का? गाडी थेट जागेपर्यंत जाते का? रात्री मदत लागली तर जवळचा दवाखाना किती दूर? फोनवर उत्तरे टाळली गेली, तर दुसरी जागा पाहावी. ओळखपत्रे दोघांचीही जवळ ठेवावीत. आयत्या वेळी जागा शोधायची पाळी आली, तर गावात शिरून पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीकडे विचारणे हा सरळ मार्ग आहे.

महत्त्वाची बाब वेळेची. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहानंतर काळोख दाटू लागतो. पाच वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचलेच पाहिजे, असा नियम केला तर अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत.

शेगडी आणि बंद खिडक्या

तंबूतला सर्वांत गंभीर धोका बिबट्याचा नाही, तर कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. गारठा वाढला म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली, पाऊस आला म्हणून गॅसचा स्टोव्ह तंबूत लावला, तर हा वायू साचतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपेत असलेल्याला ते कळतही नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी वायू बाहेर पडत राहतो.

गाडीत झोपतानाही तेच. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये. इंजिन बंद आणि समोरासमोरच्या खिडक्या दोन बोटे उघड्या, हे योग्य. डासांसाठी खिडकीला जाळी लावता येते. ऊब हवी असेल तर जाड पांघरूण, कानटोपी आणि खाली जाड चटई पुरते, कारण गारठा जमिनीतून जास्त लागतो.

विजा, साप आणि नंतरचा ताप

परतीचा पाऊस दुपारनंतर अचानक येतो आणि सोबत विजा आणतो. अशा वेळी तंबू सुरक्षित नसतो, एकाकी झाडाखाली तर मुळीच थांबू नये. पक्के घर किंवा धातूच्या टपाची बंद गाडी हा निवारा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहावे. ओढ्याच्या पात्रात किंवा धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात तंबू लावू नये. डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी वर कुठे पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले तर पात्र भरते.

सापांपैकी मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याचा धोका अधिक असतो. दंश अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते. तंबूची चेन कायम बंद ठेवणे, बूट झटकून घालणे आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल न टाकणे हे तीन नियम पाळावेत. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यात वेळ न घालवता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

स्क्रब टायफस हा आजार पावसाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काळात अधिक दिसतो. गवत-झुडपांतल्या सूक्ष्म कीटकांच्या अळ्या चावल्याने तो होतो. सहलीहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘जंगलात राहून आलो’ हे आवर्जून सांगावे. वेळीच ओळखला तर औषधांनी तो बरा होतो.

रात्रीचा रस्ता आणि गावाची झोप

दाजीपूर आणि आंबोलीच्या रस्त्यांवर रात्री गवे उतरतात. गवा समोर दिसला तर गाडी थांबवावी, दिवे मंद करावेत, हॉर्न वाजवू नये, खाली उतरून फोटो काढू नये. तो जाईपर्यंत वाट पाहणे हाच उपाय.

याच दिवसांत घाटावरचे भात पिकून कापणीला येते. रानडुकरे आणि गव्यांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी रात्रभर राखण करतो. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीजही सोडली जाते. म्हणून अंधारात बांधावरून फिरणे जिवावर बेतू शकते. राखणदाराला शेतात हलणारा अनोळखी उजेड दिसला तर तोही बिचकतो. मोठ्याने लावलेल्या गाण्यांनी जंगलातली जनावरे बिथरतात आणि दिवसभर कापणी करून आलेल्या माणसांची झोप जाते.

देवराईत काटकी मोडायची नाही, हा नियम अनेक गावे पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत. पाहुण्यानेही तो पाळावा. आणलेले प्लॅस्टिक, टिश्यू, सॅनिटरी पॅड, बाटल्या सगळे पिशवीत बांधून शहरात परत न्यावे, कारण अनेक छोट्या गावांत कचऱ्याची गाडी येत नाही.

निघण्यापूर्वी थोडक्यात

- पाचही रात्रींचा मुक्काम फोन करून ठरवा. मार्ग आणि जागा घरच्या एकाला कळवून ठेवा.
- रेंज नसेल हे गृहीत धरून नकाशा आधीच उतरवून घ्या.
- वनहद्दीबाबत शंका असेल किंवा वणवा, जखमी प्राणी दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन. इतर संकटात ११२.
- शेकोटी फक्त मालकाने दाखवलेल्या जागी. झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवा.

आता तेच जोडपे, तोच जलाशय, पण मुक्काम दोन किलोमीटर अलीकडच्या वाडीत. तंबू कुणाच्या तरी अंगणात, समोर तेच पाणी, तेच चांदणे. रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन येणारा माणूस इथेही असतो, पण तो घरमालक असतो आणि विचारतो, ‘पांघरूण पुरतंय ना?’