जादा किल्ली

बँकेतील नोकरीने माणसाला एक खोड लागते. मोलाची वस्तू एकाच जागी, एकाच्याच ताब्यात असली की त्याला चैन पडत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन अधिकाऱ्यांकडे. आणि त्या किल्ल्यांचा जादा जोड आमच्या शाखेत नसेच. तो दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे.

माझ्या घरच्या संगणकातही दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे लिहिले जाते ते त्याच वेळी दुसरीवरही उमटते. याला 'मिररिंग' म्हणतात. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहते. अशा डिस्कसमूहांना 'रेड' हे नाव मिळाले ते बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या संशोधकांच्या १९८८ सालच्या निबंधातून. आरशाची युक्ती मात्र त्याआधीचीच.

माझ्या या डिस्क एकेका टेराबाइटच्या. त्या भरल्या. दोष माझ्या कादंबऱ्यांचा नव्हे. लाखभर शब्दांची कादंबरी नुसत्या मजकुराच्या रूपात दोनेक मेगाबाइटच्या आसपास बसते. जागा खाल्ली ती नातवंडांच्या चित्रफितींनी. त्याच गर्दीत एका फोल्डरमध्ये आईने म्हटलेल्या ओव्या आहेत, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. ती कॅसेट बुरशीने गेली. आईही नाही.

तेव्हा चार टेराबाइटच्या दोन डिस्क आणल्या. बदलण्याची रीत सोपी. संगणक बंद करायचा, एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी नवी बसवायची आणि शिल्लक राहिलेल्या जुनीवरून नवीवर सगळे उतरू द्यायचे. मग दुसरीचेही तसेच. काढण्यापूर्वी डिस्कवरचा अनुक्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचा. पहिली नवी डिस्क बसली तरी जागा वाढत नाही, कारण जोडीची क्षमता धाकटीएवढीच असते. दोन्ही बदलल्या की मग विभाग वाढवून घ्यायचा.

धोका आहे तो मधल्या काही तासांत. तेवढा वेळ आरसा नसतो. वर्षानुवर्षे फिरून थकलेल्या त्या एकट्या जुन्या डिस्कला नेमके तेव्हाच अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवावे लागते. तिच्यात एखादा कोपरा खराब असेल, तर तो आताच कळतो. म्हणून मी आधी तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची प्रत घेतली, काही फायली उघडून पाहिल्या आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हाती धरला. काढलेल्या डिस्कवर तारीख लिहिली आणि काम पुरे होईपर्यंत ती पुसली नाही.

वाचकहो, आरसा इमानी असतो, पण त्याला बरेवाईट कळत नाही. तुम्ही फाइल पुसलीत, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर जोडीदारही कुलूपबंद होतो. चोराने संगणक उचलला, तर दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून जातात. जोडी कितीही मोठी आणली, तरी किल्लीचा जादा जोड त्याच शाखेत ठेवल्यासारखे ते होते.

म्हणून ती तिसरी डिस्क माझ्या घरी नाही. नागपूरला धाकट्या बहिणीच्या कपाटात आहे. ठेवून दिलेली डिस्कही कायमची टिकत नाही, तेव्हा दर भाऊबीजेला मी गेलो की ती लावून पाहायची, असे आम्ही ठरवले आहे. पहिल्यांदा ओव्यांचे फोल्डर उघडायचे.