वाडीचे नाव ज्याला ठाऊक, तोही जाणकार

महाडहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता बारसगावजवळ सोडला की शिवथरचे खोरे लागते. बाहेरगावचा माणूस ‘शिवथर’ एवढेच नाव घेऊन येतो. येथे मात्र कसबे शिवथर आहे, कुंभे शिवथर आहे आणि आंबे शिवथरही आहे. दासबोधाच्या लेखनाशी परंपरेने जोडलेली प्रसिद्ध घळ याच परिसरात आहे. ती नेमकी कोठे, याचा उलगडा अभ्यासकांना दीर्घकाळ झाला नव्हता. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ते स्थान शोधून काढले. स्थान असणे वेगळे आणि त्याचा पत्ता जगाला ठाऊक असणे वेगळे.

या पत्त्याचे मोल किती, ते २२ जुलै २०२१ रोजी या भागाने अनुभवले. महाड शहराला पुराने वेढले. त्याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते बंद आणि दूरध्वनी मूक, अशा वेळी दुरून येणाऱ्या मदतपथकाला केवळ गावाचे नाव पुरत नाही. वाडी कोणती, घरे कोठे, ओढ्यावर साकव आहे की नाही, याची माहिती हाताशी असावी लागते.

अशी माहिती लोकांनीच गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवावी, या विचारातून २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवी नकाशा सुरू झाला. ज्याला ओपन सोर्स म्हणतात, त्या परंपरेतलेच हे काम. कोणीही पाहावे, वापरावे, सुधारावे आणि त्यात भर घालावी. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा त्या देशाच्या राजधानीचा तपशीलवार खुला नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून काही दिवसांतच रस्ते आणि वस्त्या रेखाटल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा प्रत्यक्ष वापरला. त्यांतील अनेकांनी त्यापूर्वी नकाशाचे काम कधी केलेले नव्हते.

हे शक्य होते, कारण कामाची वाटणी विचारपूर्वक केलेली असते. मोठ्या प्रदेशाचे लहान चौकोन पाडले जातात. नवख्याने एक चौकोन घ्यावा, त्यातील घरे व वाटा रेखाटाव्यात आणि अनुभवी व्यक्तीने ते काम तपासावे, अशी पद्धत आहे. प्रत्येक बदलाची नोंद राहते. चूक झाली तर पूर्वीची स्थिती परत आणता येते. त्यामुळे शिकणाऱ्याच्या हातून सारा नकाशा बिघडेल, ही धास्ती बाळगण्याचे कारण उरत नाही.

मात्र उपग्रहचित्रात छपरे दिसतात, नावे दिसत नाहीत. पुण्यात बसलेला निष्णात संगणक अभियंता शिवथर खोऱ्यातील प्रत्येक छप्पर अचूक रेखाटू शकेल. पण ती वाडी कोणती, पावसाळ्यात कोणती पायवाट पाण्याखाली जाते, बारमाही विहीर कोठे आहे, हे त्याला गावातील आजीलाच विचारावे लागेल. तिचा नातू ते मोबाईलवर नोंदवील. शुद्धलेखन जाणणारे शिक्षक त्या नावांचे देवनागरी रूप तपासतील. या साखळीत कोणाला जाणकार म्हणायचे आणि कोणाला नवखे?

ऑगस्ट २०१८ च्या केरळमधील महापुरात हेच दिसून आले. ‘केरळ रेस्क्यू’ ही मदतीची नोंद घेणारी खुली संगणक प्रणाली स्वयंसेवकांनी अल्पावधीत उभी केली. प्रणाली लिहिणारे होते, तसेच आलेल्या विनंत्या पडताळणारेही होते. पडताळणी झाली नसती, तर उत्तम प्रणालीचाही उपयोग मर्यादितच राहिला असता.

तरीही स्वयंसेवी प्रकल्पांत नवा माणूस पुष्कळदा उंबरठ्यावरूनच परत फिरतो. पहिली नोंद कोणी न बोलता पुसून टाकतो. साध्या प्रश्नाला ‘आधी सूचना वाचा’ असे उत्तर मिळते. परिभाषा तर परकीच असते. हा अपमान कोणी हेतुपुरस्सर करत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो माणूस येत नाही आणि त्याच्याजवळचे ज्ञानही येत नाही.

सर्वांचे स्वागत करायचे म्हणजे चुकाही स्वीकारायच्या, असा याचा अर्थ नव्हे. आपत्तीत चुकीचा रस्ता दाखवणारा नकाशा हा नकाशा नसण्याहून घातक ठरू शकतो. म्हणून दार मोकळे असावे, तपासणी काटेकोर असावी आणि चूक सांगण्याची भाषा मृदू असावी. पहिल्या दिवशी पूर्ण करता येईल असे छोटे काम वेगळे काढून ठेवावे. दुरुस्ती केली तर तिचे कारण दोन ओळींत लिहावे. टंकलेखन, अनुवाद, मुद्रितशोधन, दूरध्वनीवरून पडताळणी आणि नव्यांना शिकवणे यांनाही संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याइतकेच श्रेय मिळावे. संगणक न येणाऱ्याचा हात धरणारा एक तरी सोबती प्रत्येक गटात असावा.

महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीत आजही अशा कित्येक वाड्या आहेत, ज्यांची नावे केवळ तेथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेत. शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी सुटीत गावी गेल्यावर एक दुपार या कामाला द्यावी. मुलांनी विचारावे, आजोबांनी सांगावे, आईने लिहून घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी ती नावे नकाशावर चढावीत. पुढच्या वेळी मदतीला निघालेल्या पथकाला त्यांतील एखादे नाव वेळेवर सापडले, तर या श्रमाचे सार्थक होईल.