डोळे नसलेला लांडगा कोळी

रात्री विजेरी कपाळाशी धरून माळावरच्या गवतात पाहिलं, तर दवबिंदूंसारखे हिरवट ठिपके लुकलुकतात. त्यातले पुष्कळसे लांडगा कोळ्यांचे डोळे असतात. पुढे चार बारीक, त्यांच्या वर दोन टपोरे आणि मागे डोक्यावर आणखी दोन. या मांडणीवरून लायकोसिडी हे कुल ओळखायला शिकवतात. आणि याच कुलात हवाई बेटांपैकी काउआईवरचा एक कोळी आहे, ज्याला एकही डोळा नाही.

गैरसमज : डोळेच नाहीत, तर तो लांडगा कोळी कसला?

वस्तुस्थिती : डोळ्यांची मांडणी ही ओळखीची खूण आहे, नात्याचा पुरावा नव्हे. कोळ्यांचं वर्गीकरण करणारे नर-मादीच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. उदाहरणार्थ, इतर अनेक कुलांतल्या नरांच्या स्पर्शपादावर एक काटेरी उंचवटा असतो, तो लांडगा कोळ्यांत नसतो. काउआईच्या कोळ्याचे पूर्वज डोळस होते. लाव्हारसाच्या नळ्यांसारख्या गुहांमधल्या काळोखात पिढ्यान् पिढ्या राहून डोळे गेले. विलिस गर्ट्श यांनी १९७३ साली त्याचं वर्णन केलं आणि त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली : अडेलोकोसा अनॉप्स. ‘अनॉप्स’ म्हणजे नेत्रहीन.

इथे मराठीतला एक घोळ निस्तरायला हवा. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं, तेव्हा बहुधा नवी जाती सापडलेली असते. जातींचा गट म्हणजे प्रजाती, प्रजातींचा गट म्हणजे कुल. लायकोसिडी कुलात सव्वाशेच्या आसपास प्रजाती आहेत आणि जाती दोन हजारांहून जास्त. अडेलोकोसात मात्र जाती एकच. एकाच जातीसाठी प्रजाती कशाला, असं वाटेल. पण प्रजाती ठरते ती वेगळेपणावर, डोकी मोजून नव्हे.

गैरसमज : आंधळा कोळी जाळ्यात बसून वाट पाहत असणार.

वस्तुस्थिती : तो जाळं विणत नाही. स्पर्श आणि गंध यांच्या आधारे भक्ष्याचा माग काढतो. उलट जाळं विणणारे लांडगा कोळी आपल्याकडे आहेत. हिवाळ्यात सकाळी बांधावरच्या गवतात नरसाळ्यासारखी दवाने भिजलेली जाळी दिसतात, त्यातली बरीचशी हिप्पासा या प्रजातीची, आणि तिला डोळे उत्तम आहेत! झुंडीने शिकार मात्र यांच्यापैकी कोणीच करत नाही. ती कल्पना नावामुळे चिकटली आहे.

माणसाला काउआईच्या या कोळ्यापासून धोका नाही. धोका आहे तो त्यालाच. शरीर जेमतेम दोन सेंटीमीटर, आणि मादी एका वेळी फक्त १५ ते ३० अंडी घालते; जमिनीवरचे नातलग पुष्कळदा शंभराहून जास्त घालतात. कोलोआ परिसरातल्या मोजक्या गुहा हेच त्याचं जग. वर गोल्फची मैदानं, हॉटेलं, खाणी आल्या की झाडांची मुळं गुहेत उतरत नाहीत. या कुजक्या मुळांवर जगतो तो कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, सेंटीमीटरभर लांबीचा फिकट गुहावासी जीव, आणि कोळी जगतो त्याच्यावर. अमेरिकी सरकारने जानेवारी २००० मध्ये शिकारी आणि शिकार, दोघांनाही एकाच वेळी संकटग्रस्त जीवांच्या यादीत घातलं.