दम लागतो तेव्हा

एसटी पकडायला धावलेला माणूस सीटवर टेकला की पहिले शब्द येतात, "दम लागला". दम म्हणजे फारसीत श्वास. उर्दूइतकाच तो मराठीनेही आपला केला. दमा त्याच घराण्यातला, आणि बिर्याणीला दिला जातो तो दमही हाच.

या धापेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे शाळेत शिकवतात. पण तो फुफ्फुसात तयार होत नाही. तो बनतो शरीरभरच्या पेशींत. रक्त तो आणून पोचवते आणि फुफ्फुस त्याला निरोप देते. श्वासनलिकांच्या अस्तरात खरोखर बनतो तो नायट्रिक ऑक्साइड. मोटारींच्या धुरातला हा बदनाम वायू माणसाच्या उच्छ्वासातही असतो, हे 1991 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी दाखवले. रक्तवाहिन्या सैल करण्याचे त्याचे काम उलगडणाऱ्या तिघांना 1998 चे नोबेल मिळाले.

जोरात श्वास घेतल्यावर या वायूचे काय होते? निरोगी माणसाच्या फुंकरीत त्याचे प्रमाण घटते. अस्तरातून तो झिरपत असतो. हवा वेगाने निघून गेली तर तिला तो टिपायला वेळच मिळत नाही. मात्र मिनिटाला बाहेर पडणारी हवा कितीतरी वाढलेली असते, त्यामुळे एकूण वायू कमी जातो असे नाही. जोरदार पावसात ओढ्याचे पाणी पातळ होते, तसेच हे.

ही बाब निव्वळ कुतूहलाची नाही. दम्यात नलिकांना ॲलर्जीची सूज आली की हा वायू वाढतो. म्हणून तो मोजण्याची तपासणी आहे: मोठ्या माणसात दर अब्जात 25 भागांच्या आत आकडा असला तर अशी सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर गेला तर जास्त. फुंकर मात्र सेकंदाला 50 मिलिलिटर, म्हणजे अगदी संथ आणि एकसारखी हवी. फुफ्फुसांची ताकद मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रात सगळा जीव एकवटून फुंकायचे असते, आणि आपल्याकडे तेच अनेकांच्या डोक्यात बसलेले. तोच जोर इथे लावला तर आकडा खोटा उतरतो, सूज लपते. अशा आकड्यावर विसंबून औषध कमी झाले तर भोगणार रुग्णच. यंत्र वेग बिघडला की फुंकर नाकारते, हे बरे. तेव्हा तंत्रज्ञ "हळू, अजून हळू" म्हणाला, तर त्याचे ऐकावे.