दोन सेकंदांत सरकलेलं बटण

डाव्या पट्टीतून ‘खोली बुक करा’ हे बटण माउसने उचलायचं, ओढत फोटोखाली आणायचं आणि सोडून द्यायचं. दोन सेकंदांचं काम. गुहागरला चार खोल्यांचा होमस्टे चालवणारा माणूसही आज आपलं वेबपेज असंच बनवतो, कोडची एक ओळ न लिहिता.

त्या दोन सेकंदांत काय काय होतं बघा. साधा यूएसबी माउस सेकंदाला सव्वाशे वेळा ‘मी आता एवढा सरकलो’ असं कळवतो, म्हणजे अडीचशे निरोप. त्यावरून बटण नेमकं कोणत्या चौकटीवर तरंगतंय, सोडलं तर फोटोच्या वर बसेल की खाली, हा हिशेब पुन्हा पुन्हा होतो. पडदा नेहमीचा, १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा असेल तर त्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात आणि सेकंदाला साठ वेळा ते सगळे नव्याने उजळवले जातात. दोन सेकंदांत ठिपक्यांचे रंग पडद्याकडे जातात २४ कोटी ८८ लाख वेळा. एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच; तेवढ्यात सहा चित्रं होऊन जातात.

‘एक ओळही लिहिली नाही’ हे आपल्यापुरतं खरं. पण क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचाच कोड तीन कोटी ओळींच्या वर आहे. पानाला पन्नास ओळी धरून तीन कोटी ओळी छापल्या तर तीनशे पानांची दोन हजार पुस्तकं होतील. बटण ओढताना ही सगळी फडताळं पाठीशी उभी असतात, आणि ओढाओढीचं साधन बनवणाऱ्यांचा कोड वेगळाच.

गंमत म्हणजे ही सोय नंतर सुचलेली नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये सर्न या संस्थेत नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला, तो पान दाखवणारा होता तसाच पान लिहिणाराही होता. मजकूर निवडायचा, मेन्यूतून लिंक जोडायची. खुणांची भाषा टाइप करत बसायची गरज नव्हती. त्याच्याही आधी, १९८७मध्ये, बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड ॲपलच्या मॅकबरोबर फुकट मिळायचं. कार्डांवर चित्रं आणि बटणं ठेवायची, बटण दाबलं की दुसरं कार्ड. १९९३चा ‘मिस्ट’ हा खेळ मॅकवर याच हायपरकार्डमध्ये बांधलेला होता (त्यात थोडंफार कोडिंग होतं, ते मान्य), आणि त्याच्या साठ लाखांवर प्रती खपल्या. मग मधली काही वर्षं आपण सगळे कंसांच्या जंगलात कशाला शिरलो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता मात्र लाट उलटी आहे. जगातल्या दर शंभर वेबसाइटांपैकी चाळीसहून जास्त वर्डप्रेसवर चालतात. त्यावर ओढून-सोडून पानं बांधायला वापरलं जाणारं एलिमेंटॉर एक कोटीहून अधिक साइटांवर बसवलेलं आहे.

या सोयीची किंमत पानाच्या वजनात मोजावी लागते. आपल्या अक्षरांवर त्याचं खापर फोडायचा मोह होईल, कारण इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो तिथे देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा खुणा, म्हणजे तीस बाइट. तरीही पाचशे शब्दांचा मराठी मजकूर दहा-बारा हजार बाइटांत मावतो. आणि आजचं सर्वसाधारण वेबपेज असतं वीस लाख बाइटांच्या पुढे! बाकीचं ओझं फोटोंचं, फाँटचं आणि साधनाने स्वतःहून घातलेल्या कोडचं. साधं एक बटण ठेवलं तरी कित्येक साधनं त्याभोवती चौकटीत चौकट अशा सात-आठ चौकटी गुंडाळतात. पानात घटक फार झाले की वेबपेज तपासणारं गूगलचं लाइटहाउस तक्रार करायला लागतं. अशा गुंडाळ्यांनी ती पाळी यायला वेळ लागत नाही.

खरा चक्रावणारा आकडा मात्र निवडीचा आहे. होमस्टेच्या पानावर फोटो, खोल्या, जेवण, नकाशा, अभिप्राय, दरपत्रक असे वीस भाग ठेवायचे आहेत, एकाखाली एक. किती प्रकारे लावता येतील? २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,००० प्रकारे. सेकंदाला एक मांडणी पाहत गेलं तर सगळ्या पाहून व्हायला ७,७०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयच १,३८० कोटी वर्षं आहे. बटणाचा रंग निवडणं त्या मानाने सोपं: १,६७,७७,२१६ छटा, सेकंदाला एक पाहिली तर १९४ दिवसांत संपतात.

मांडणी चुकली तर पान कुरूप दिसेल, इतकंच. पान पाहुण्याच्या निवडीप्रमाणे बदलणारं असेल तर त्यात चूक लपूनही बसते. एसी हवा की नको, मासे की शाकाहारी, स्टेशनवरून गाडी हवी की नको, अशा हो-नाहीच्या कळा जोडणं आता दोन क्लिकांचं काम आहे. पण अशा वीस कळा झाल्या की पानाच्या १०,४८,५७६ अवस्था होतात. त्यातल्या एखादीत एकूण रक्कम शून्य दिसत असेल, आणि ती नेमकी पाहुण्याला आधी सापडेल. प्रत्येक अवस्था मिनिटभर तपासायची म्हटली तर झोप न घेता ७२८ दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. वीसमधल्या दहा कळा काढून टाकल्या तर अवस्था उरतात १,०२४. त्या सतरा तासांत तपासून होतात.